भीमगड, अणशी, मोले, चांदोली: आपल्या भागातल्या जंगलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावहून रविवारी जंगल बघायला निघणारी पोरं, खानापूर-जोयडा भागात शेती असलेले लोक आणि सुट्टीला आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे, तिघांचे प्रश्न वेगवेगळे असतात. गोंधळ मात्र एकच. झाड दिसलं की ‘अभयारण्य’ आणि सफारीची जीप दिसली की ‘नॅशनल पार्क’ म्हणून मोकळं व्हायचं. कागदावर कोणत्या जंगलाला काय म्हटलंय, यावर तिथे कुणाला जाता येईल, गुरं कुठे चरतील आणि नुकसान झालं तर दाद कुठे मागायची, हे सगळं ठरतं. त्यात आपल्या जंगलाला तीन राज्यांचे कायदेकानू लागलेले. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतलेत.

बेळगाव जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान आहे का?

नाही. जिल्ह्यात अभयारण्यं आहेत: खानापूर तालुक्यातलं भीमगड आणि गोकाकजवळचं घटप्रभा पक्षी अभयारण्य. कर्नाटकात राष्ट्रीय उद्यानं पाच: बंडीपूर, नागरहोळे, बन्नेरघट्टा, कुद्रेमुख आणि अणशी. यातलं आपल्याला जवळचं अणशी, उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात. १९८७ साली ते उद्यान झालं, क्षेत्र साधारण ३४० चौरस किलोमीटर. गोव्यात एकच, मोलेचं, १०७ चौरस किलोमीटरचं. महाराष्ट्रात सहा आहेत, त्यातलं आपल्या बाजूचं चांदोली.

अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प यांत नेमका फरक काय?

तिन्हींना आधार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा. अभयारण्यात माणसाचे हक्क पूर्ण संपत नाहीत. जिल्हाधिकारी चौकशी करून, वन खात्याशी बोलून काही हक्क पुढे चालू ठेवू शकतात. गुरं चारण्यावर बंधनं येतात, पण सरसकट बंदी असतेच असं नाही. राष्ट्रीय उद्यानात मात्र हक्कांचा निकाल लावल्याशिवाय अंतिम अधिसूचनाच निघत नाही, आणि एकदा ती निघाली की आत गुरं सोडायची नाहीत. शेळीसुद्धा नाही.

व्याघ्र प्रकल्प ही वरून घातलेली तिसरी चौकट. तिच्यात उद्यानही येतं आणि अभयारण्यही. आधी १९५६ चं दांडेली अभयारण्य होतं, मग अणशी उद्यान आलं. २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याचं नाव काळी नदीवरून ‘काळी व्याघ्र प्रकल्प’ ठेवलं. म्हणजे अणशीत उभं राहिलात तर तुम्ही एकाच वेळी उद्यानातही असता आणि प्रकल्पातही. तिकडे चांदोली २००४ साली उद्यान झालं आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. भीमगड आजही नुसतं अभयारण्य आहे. खानापुरात गुरं असलेल्या माणसाला हा फरक वकिलापेक्षा जास्त कळतो.

भीमगड अभयारण्य कधी झालं? किल्ल्याचा त्याच्याशी काय संबंध?

डिसेंबर २०११ मध्ये. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. किल्ला शिवकाळातला, तीन बाजूंनी तुटलेले कडे, आणि अभयारण्याचं नाव त्यावरूनच पडलं. आत आणि कडेला हेम्माडगा, तळेवाडी, गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव, देगाव, कृष्णापूर, मेंडील ही गावं. यातल्या काही गावांत पावसाळ्यात माणूस आजारी पडला तर त्याला डोलीत घालून, ओढे तुडवत, चार खांद्यांवरून गाडीरस्त्यापर्यंत आणावं लागतं. पुनर्वसनाचा विषय निघाला की हे लक्षात ठेवा.

किल्ला आतल्या जंगलात आहे. वन खात्याच्या परवानगीशिवाय वर जाता येत नाही. ‘शिवरायांचा किल्ला, आम्हाला कोण अडवणार’ म्हणून गेलेल्यांवर गुन्हे दाखल होऊ शकतात. कायदा भक्ती बघत नाही.

भीमगडला एवढं महत्त्व एका वटवाघळामुळे आहे म्हणतात, खरं का?

बरंचसं खरं. तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या चुनखडीच्या गुहा आहेत. रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ तिथे राहतं. शेपटीचा टोकाकडचा भाग पडद्याबाहेर मोकळा असतो, म्हणून हे नाव. १९१३ साली शास्त्रज्ञांनी या जातीची नोंद केली ती इथल्याच नमुन्यांवरून, आणि त्यानंतर कित्येक दशकं जगात बारापेडे सोडून दुसरीकडे ती कुणाला सापडली नव्हती. पुढे कंबोडियात आणि मेघालयात मिळाली. वटवाघळांना सहसा कायद्याचं मोठं संरक्षण नसतं, पण ही जात वाघाच्या पंक्तीत, कायद्याच्या सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूची एकमध्ये आहे.

गुहा बघायला मिळतील का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही, आणि मिळू नयेतच. दिवसा झोपलेली वटवाघळं टॉर्च आणि मोबाइलच्या उजेडाने उठली की उगाच उडून शक्ती घालवतात, आणि पिल्लांच्या दिवसांत वस्तीच सोडून जाण्याची भीती असते.

म्हादई आणि मलप्रभा दोन्ही आपल्या तालुक्यात उगम पावतात ना?

हो. मलप्रभा कणकुंबीत, म्हादई देगावच्या बाजूला. दोन्ही ठिकाणं एकाच डोंगररांगेत, पण एक नदी पूर्वेला सौंदत्तीच्या धरणाकडे आणि पुढे कूडलसंगमात कृष्णेला मिळायला जाते, दुसरी पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते. पाण्याचा तंटा इथूनच सुरू होतो. कळसा-भांडुरा योजनेत म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत वळवायचं आहे. म्हादई जल लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. त्यातलं ३.९ टीएमसी वळवण्यासाठी: कळसाला १.७२, भांडुऱ्याला २.१८.

हुबळी-धारवाडच्या नळाला पाणी हवं, हे कुणी नाकारत नाही. पण कालवा आणि पाइप जातात ते खानापूरच्या जंगलातून, आणि या भांडणात बंगळूर बोलतं, पणजी बोलते, दिल्ली निवाडा करते. कणकुंबीच्या माणसाला कुणी विचारत नाही, हे मला खटकतं.

भीमगडात वाघ आहे का? खरं सांगा.

आहे. बिबट्या नव्हे, पट्टेरी वाघ. पण ताडोब्यासारखा रस्त्यात येऊन बसणारा नाही. आपल्याकडचं जंगल दाट, चढउताराचं, भक्ष्य विरळ, त्यामुळे वाघ थोडे आणि फिरते. काळी प्रकल्पातून भीमगड, तिथून गोव्याचं म्हादई अभयारण्य, तिलारी, राधानगरी आणि वर चांदोली अशी त्यांची वाट. सह्याद्री प्रकल्पात २०१८ मध्ये कॅमेऱ्यात टिपलेला एक नर २०२० मध्ये काळीत दिसला. पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे असतात, म्हणून फोटोवरून ओळख पटते. मध्ये त्याने किती घाटरस्ते आणि शेतं ओलांडली असतील, याचा अंदाज नकाशा उघडून करा.

या वाटेवरचा कच्चा दुवा माहीत असू दे. जानेवारी २०२० मध्ये गोव्यात, सत्तरीतल्या गोळावलीत वाघीण आणि तिच्या बछड्यांसह चार वाघ विषबाधेने मेले. गुरं मारली गेली, भरपाई वेळेवर मिळाली नाही, की माणूस विषाच्या डब्याकडे बघतो. समर्थन नाही, पण कारण ठाऊक असायला हवं. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतच्या जंगलांचा व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत जाहीर करा, असा आदेश गोवा सरकारला दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

काळा वाघ म्हणतात तो कोणता?

बिबट्याच. अंगात काळा रंग जास्त, एवढंच. उन्हात अंगावरचे ठिपके दिसतात. काळी प्रकल्पात आहे, दिसला तर नशीब.

मग हमखास दिसतं काय?

गवा. संध्याकाळी कणकुंबीच्या पुढे किंवा हेम्माडग्याच्या रस्त्याला कळप दिसतो. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग, म्हणून दुरूनही ओळखता येतो. गाडी थांबवा, दिवे मंद करा, हॉर्न नको. नुसता बघत उभा असतो तेव्हा काही करत नाही, पण पिल्लू आणि आई यांच्यामध्ये गाडी घातलीत तर बोनेटची खैर नाही. शेकरू, भेकर, माकडं हीसुद्धा दिसतात. पिसोरी, खवल्या मांजर ही नावं ऐकायची, दिसत नाहीत.

पण मला विचाराल तर आपल्या जंगलाची खरी शान धनेश. तुमच्याकडे ककणेर किंवा माडगरुड म्हणत असतील. दांडेली भागात याच्या चार जाती आहेत. बघायला फार आत जायला नको. दांडेलीच्या लाकूड डेपोत सकाळी लवकर गेलात तर मलबारी कवड्या धनेशाचे थवे उंबर-वडाच्या फळांवर तुटून पडलेले दिसतात. उडताना पंखांचा आवाज आधी येतो, पक्षी नंतर.

उन्हाळ्याच्या तोंडावर मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती, फळांचा गर यांनी तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. नर गळ्यात फळं साठवून आणतो, ढोलीला लटकतो आणि एकेक फळ उलटून काढून फटीतून देतो. हे कित्येक आठवडे चालतं. आत बसलेली मादी पिसं टाकते, तोवर उडू शकत नाही. नराला कुणी मारलं तर आतलं सगळं कुटुंब उपाशी. आणि एवढी मोठी ढोली तयार व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. नवी रोपं लावून ती मिळत नाही.

पावसाळ्यात वज्रपोहा, चिखले, दूधसागर बघायला जाता येतं का?

वज्रपोहा भीमगडच्या जंगलात आहे, परवानगीशिवाय जायचं नाही. चिखले आणि आसपासच्या धबधब्यांवरही पावसाळ्यात वेळोवेळी बंदी घालतात. निघण्याआधी खानापूरच्या वन कार्यालयात विचारा, इन्स्टाग्रामवर नको. दूधसागर ३१० मीटर उंच, गोव्याच्या हद्दीत. पर्यटकांच्या जीपा कुळ्याहून जातात, साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात ते बंद. कॅसलरॉकहून रुळावरून चालत जाणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. दरवर्षी पोरं पकडली जातात, उठाबशा काढतानाचे व्हिडिओ फिरतात आणि पुढच्या आषाढात नवी पोरं निघतात.

चोर्ला किंवा अनमोडवरून गोव्याला जाताना परवानगी लागते का?

नाही. सार्वजनिक रस्त्याने नुसतं पार होणाऱ्याला कायद्यानेच सूट आहे. मात्र गाडी लावून आत दोनशे पावलं चाललात की तुम्ही प्रवासी राहत नाही. कडेला चूल मांडणं, बाटल्या फोडणं, माकडांना वेफर्स देणं, यातलं काहीच त्या सूटीत बसत नाही. जंगलात आग लावणं तर स्वतंत्र गुन्हा.

आमचं घरच अभयारण्यात आहे. लाकूडफाटा, गुरं, मधाचं काय?

ज्यांची आत स्थावर मालमत्ता आहे त्यांना ये-जा करायला परवानगी लागत नाही. घरच्या गरजेपुरती वनोपज वापरायला कायद्यात वाव आहे, विकायला नाही. चराईवर वन खात्याचं नियंत्रण असतं आणि गुरांना लसी टोचून घ्याव्या लागतात, कारण गुरांचे रोग गव्याला लागतात.

याहून महत्त्वाचा २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असाल तर दावा करता येतो, अभयारण्यातही. अनुसूचित जमातींना तेवढा पुरावा पुरतो. इतरांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. इथेच आपल्याकडचे धनगर गवळी अडकतात. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर गुरं राखली, पण कर्नाटकात ते अनुसूचित जमातीत नाहीत, आणि ७५ वर्षांपूर्वीचा कागद गवळ्याच्या झोपडीत कुठून असणार? सरकारी नोंदींबरोबर गावातल्या वयस्कर माणसांचे जबाब आणि जुन्या देवस्थानांच्या, घरांच्या, विहिरींच्या खुणासुद्धा पुरावा म्हणून चालतात. दावा पहिल्यांदा ग्रामसभेपुढे जातो. ग्रामसभेचा ठराव लेखी घ्या, पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका.

पुनर्वसन सक्तीचं आहे का?

कायद्याने स्वेच्छेचंच असलं पाहिजे. तळेवाडीच्या लोकांनी तयारी दाखवली आणि कुटुंबामागे १५ लाख रुपयांचं पॅकेज ठरलं. सही करण्याआधी विचारायचे प्रश्न: ‘कुटुंब’ म्हणून कुणाला धरलंय, लग्न झालेला मुलगा वेगळा धरला का, पैसे किती हप्त्यांत, आणि गावठाणातल्या देवाचं काय. चांदोलीच्या अभयारण्यग्रस्तांनी कोल्हापूर-सांगलीत किती वर्षं मोर्चे काढले, ते त्यांनाच जाऊन विचारा. दुसरीकडे, ज्या बाईला बाळंतपणासाठी ओढा ओलांडून न्यावं लागलं तिला ‘जंगलातच राहा’ असं बेळगावात बसून सांगायचा अधिकार मला नाही.

हत्तीने भाताच्या गंज्या उधळल्या. भरपाई कशी मिळते?

आधी काही हलवू नका. फोटो काढा, पाऊलखुणा येतील असे. वन खात्याची मदतवाहिनी १९२६, कर्नाटकातही हाच नंबर आणि महाराष्ट्रातही हाच. गार्ड येऊन पंचनामा करतो. उतारा, आधार, बँक पासबुक लागतं. कर्नाटकात अर्ज ‘ई-परिहार’ या ऑनलाइन व्यवस्थेत चढतो. कागदपत्रं कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर येणाऱ्या माणसाकडून पूर्ण वाचून घ्या आणि मगच अंगठा किंवा सही. पंचनाम्यात क्षेत्र कमी लिहिलं गेलं की नंतर भांडून उपयोग होत नाही.

हत्ती आपल्याकडे येतात ते दांडेली-हळियाळच्या बाजूने, नागरगाळी-लोंढा भागात, भात पिकायच्या सुमाराला. २००२ पासून ते पुढे सिंधुदुर्ग आणि चंदगड-आजऱ्यापर्यंत पोचले. हद्द ओलांडली की खातं बदलतं, अर्ज बदलतो, दर बदलतो. हत्ती तोच.

रात्री राखणीला जाताना एकट्याने जाऊ नका. फटाके फोडून पाठ फिरवून पळणं सगळ्यात धोक्याचं. काजूची बोंडं पिकली की अस्वलांचीही तीच गत: पहाटे काजू गोळा करायला जाताना बोलत, काठी आपटत जा. अस्वलाला नीट दिसत नाही, दचकलं की ते थेट तोंडावर येतं.

बेळगाव शहरात बिबट्या परत येईल का?

येऊ शकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये गोल्फ मैदानाच्या झाडीत आलेल्या बिबट्याने आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद पाडल्या. शिमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणून शोध घेतला. तो काही सापडला नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र घरोघरी सापडत होता. बिबट्या भटक्या कुत्र्यांवर जगतो. उघड्यावर मांसाचा कचरा टाकणं थांबलं तर निम्मा प्रश्न सुटेल.

कस्तुरीरंगन अहवाल आणि अभयारण्य एकच का?

नाही. पश्चिम घाटातला कोणता भाग पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणून जपायचा, हे सुचवणारा केंद्राच्या समितीचा तो अहवाल. जुलै २०२४ मध्ये केंद्राने त्या क्षेत्राच्या अधिसूचनेचा पुन्हा मसुदा काढला, कर्नाटक सरकारने सप्टेंबरमध्ये अहवाल नाकारला. त्यात खाणी, मोठे कारखाने यांवर बंधनं आहेत. गाव उठवण्याची तरतूद नाही.

भीमगड जागतिक वारसा यादीत आहे ना?

नाही. २०१२ च्या यादीत पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं आहेत. आपल्या वरच्या बाजूला राधानगरी, चांदोली, कोयना, कास आहेत. खाली कुद्रेमुख आहे. मधले भीमगड आणि अणशी राहिले.

माकडताप म्हणजे काय? जंगलात जायला भीती आहे का?

क्यासनूर जंगल रोग. गोचिडीमुळे होतो, माणसामाणसात पसरत नाही. शिमोग्यात पहिल्यांदा सापडला, २०१५ नंतर सत्तरी आणि दोडामार्गातही रुग्ण निघाले. थंडी सरताना आणि उन्हाळ्यात जपायचं. पूर्ण बाह्या, पायमोज्यात पँट, पानगळीवर न बसणं, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे वेगळे धुणं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा. जंगलातून आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना ‘जंगलात गेलो होतो’ हे आधी सांगा. पावसाळ्यातल्या जळवांचा त्रास किरकोळ. तंबाखूचं पाणी किंवा मीठ लावलं की सुटतात.

सफारी कुठे करावी? भीमगड, अणशी की चांदोली?

सफारीच हवी असेल तर दांडेलीजवळच्या फणसोलीला जा, सकाळी किंवा दुपारनंतर. हेम्माडग्यात वन खात्याचं निसर्ग शिबिर आहे, ते शांततेसाठी. चांदोली लांब पडतं. गवे मनसोक्त बघायचे तर दाजीपूर-राधानगरी बरं, १९५८ पासून ते गव्यांसाठीच राखलंय. वाघ दिसेलच म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

लहान मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन एका दिवसात कुठे जमेल?

घटप्रभा. धूपदाळच्या बंधाऱ्यामागे पसरलेलं पाणी, १९७४ पासूनचं अभयारण्य, सुमारे ३० चौरस किलोमीटर. थंडीत करकोचे आणि बदकं येतात. चढ नाही, जळवा नाहीत. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर उन्हं चढायच्या आत पोचा. तेव्हा पक्षी काठाजवळ असतात. परतीच्या वाटेवर गोकाकचा धबधबा आहेच, पण पाणी हवं असेल तर त्याला पावसाळाच बरा, आणि तेव्हा घटप्रभेत पक्षी कमी. दोन्ही एकाच फेरीत साधायचं तर ऑक्टोबरचा शेवट बघा.